जुनं घर देऊन नवीन घर घेताना : पहिल्यांदाच करणाऱ्यांसाठी

आखाजी (अक्षय्य तृतीया) जवळ आली की जळगाव-धुळ्यात रस्त्यारस्त्यावर बोर्ड लागतात, जुनं घर द्या, वरचे पैसे भरा आणि नवीन घरात राहायला या. ज्यांचं घर गावठाणात आहे, गल्लीत गाडी येत नाही, दर पावसाळ्याआधी धाब्यावर, म्हणजे मातीच्या छतावर, माती टाकावी लागते, त्यांना हे वाचून बरं वाटतं आणि त्यात काही गैर नाही, आम्हीही तसंच बोर्ड वाचून गेलो होतो. जुने जळगावमधलं सासऱ्यांच्या वेळचं घर आणि पिंप्राळ्याच्या पुढे एका स्कीममधलं रो हाऊस असा आमचा व्यवहार होता. त्यात जे कळलं ते नीट क्रमाने लिहितेय, कारण आता नात्यातले, शाळेतले, सगळे हेच विचारतात आणि फोनवर अर्धंच सांगून होतं.

सगळ्यात आधी हे डोक्यात पक्कं करा की हा एक व्यवहार नाही, दोन आहेत. तुम्ही घर विकताय आणि तुम्ही घर घेताय. बिल्डरच्या ऑफिसात दोन्ही एकाच कागदावर मांडतात आणि खाली फक्त "वरचे इतके" असा आकडा गोल करून दाखवतात. तिथेच माणूस फसतो, म्हणजे कोणी फसवलंच पाहिजे असं नाही, आपणच त्या एका आकड्याकडे बघत बसतो.

अदलाबदल म्हणजे नक्की काय काय असू शकतं

एक, बिल्डर स्वतः तुमचं घर विकत घेतो आणि ती किंमत नवीन घरातून वजा करतो. दोन, बिल्डर घेत नाही पण त्याचा माणूस तुमच्या घराला गिऱ्हाईक आणून देतो आणि तोवर नवीन घराचं बुकिंग धरून ठेवतो. तीन, तुमची जागा मोठी असेल तर तीच पाडून बिल्डिंग बांधतो आणि तुम्हाला त्यात फ्लॅट देतो, पण ते विकसन करारनाम्याचं प्रकरण वेगळं आहे, त्यात इथे शिरत नाही. बोर्डावर तिन्ही सारखंच लिहिलेलं असतं म्हणून पहिल्या भेटीतच सरळ विचारा, "माझं घर खरेदीखताने तुम्ही तुमच्या नावावर घेणार का?" उत्तर हो की नाही एवढंच हवं.

यात एक चौथा प्रकार ऐकायला मिळतो त्यापासून लांब राहा. "आत्ता नावावर नको, तुम्ही फक्त मुखत्यारपत्र द्या, आम्ही गिऱ्हाईक मिळालं की परस्पर विकू." यात बिल्डरचं मुद्रांक शुल्क वाचतं आणि तुमच्या गळ्यात सगळं राहतं, घरपट्टी तुमच्या नावावर, इन्कम टॅक्स तुमच्या नावावर, उद्या त्या गिऱ्हाईकाने केस केली तर नोटीस तुम्हाला. मुखत्यारपत्राने मालकी जात नाही हे सुप्रीम कोर्टाने २०११ मध्येच स्पष्ट सांगितलंय. आणि महाराष्ट्रात मोबदला घेऊन विक्रीसाठी दिलेल्या मुखत्यारपत्राला खरेदीखताइतकंच शुल्क लागतं, म्हणजे "वाचतं" म्हणतात ते पण धड खरं नाही.

जुन्या घराचे कागद, आणि बहिणींच्या सह्या

हे काम बिल्डरकडे जायच्या आधी करा, नंतर नाही. कागद अर्धवट असले की रेट पाडायला त्याला कारण मिळतं. काढून ठेवा: मालमत्ता पत्रक (सिटी सर्व्हे नसेल तिथे ग्रामपंचायतीचा नमुना ८ किंवा सातबारा), जुनं खरेदीखत आणि त्याची सूची क्रमांक २ (नोंदणी ऑफिसातून मिळणारा दस्ताचा सारांश), चालू वर्षाची घरपट्टी-पाणीपट्टी भरल्याच्या पावत्या, बांधकाम परवानगी असेल तर ती, कर्ज असेल तर किती बाकी आहे त्याचं बँकेचं पत्र. व्याजदर फ्लोटिंग असेल आणि कर्ज तुमच्या वैयक्तिक नावावर असेल तर घरकर्ज मुदतीआधी फेडायला बँक दंड लावू शकत नाही, हा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. पूर्ण फेडल्यावर मूळ कागद ३० दिवसांत परत द्यायचे, उशीर झाला तर दिवसाला ५००० रुपये बँकेने तुम्हाला द्यायचे.

आपल्याकडे खरी अडचण इथे येते की घर आजोबांच्या नाहीतर वडिलांच्या नावावर असतं आणि वारसनोंदच झालेली नसते. आमचंही तेच. सासरे जाऊन सहा वर्षं झाली होती आणि पत्रकावर त्यांचंच नाव. सासूबाई, आमचे हे आणि दोन नणंदा असे चार वारस. हिंदू वारसा कायद्यातल्या २००५ च्या दुरुस्तीनंतर वडिलोपार्जित मिळकतीत मुलीचा हक्क मुलाइतकाच आहे, आणि वडिलांची स्वतःची कमाई असली तरी मृत्युपत्र नसेल तर मुली वारस आहेतच, तेव्हा "बहिणी काही मागणार नाहीत" असं घरात म्हणून चालत नाही, कागदावर लागतं. आम्ही हे आखाजीलाच केलं. दोघी माहेरी आलेल्या होत्या, झोका बांधलेला होता, घरात सांजोऱ्या चाललेल्या. सासूबाईंनी दोघींना बाजूला बसवून सरळ सांगितलं की घर इतक्याला जातंय, नवीन इतक्याला येतंय, तुमचं काय म्हणणं आहे. मोठी म्हणाली मला नको. धाकटी थोडा वेळ गप्प बसली, मग म्हणाली वहिनी मला पैसे नको पण देवघराचं लाकडी दार मला द्या. दुसऱ्या आठवड्यात दोघींनी दुय्यम निबंधकाच्या ऑफिसात हक्कसोड पत्रावर सह्या केल्या आणि दार आज भुसावळला तिच्या घरात आहे. सांगायचं हे की आधी मोकळेपणी विचारा, फोनवर "सही करून जा" असं कोणाला म्हणू नका, आणि हिस्सा मागितला तर तो त्यांचा हक्क आहे असं धरूनच हिशोब मांडा.

जुन्या घराची किंमत तीन ठिकाणाहून काढा

पहिली किंमत सरकारी. नोंदणी विभागाच्या वेबसाईटवर वार्षिक बाजारमूल्य दर बघायला मिळतो, ज्याला सगळे रेडी रेकनर म्हणतात. ही बाजारातली किंमत नव्हे पण ती माहिती पाहिजेच, कारण ही सरकारी किंमत कागदावरच्या किमतीपेक्षा १० टक्क्यांहून जास्त वर गेली तर इन्कम टॅक्सवाले सरकारी किंमतच तुमची विक्री किंमत धरतात. अदलाबदलीत जुन्या घराचा आकडा मुद्दाम कमी लिहायची सवय असते म्हणून हे लक्षात ठेवा.

दुसरी किंमत शासनमान्य व्हॅल्युअरची, फी घेतो पण तो कागद बोलायला कामी येतो. तिसरी म्हणजे गल्लीतली, आजूबाजूला दोन-तीन वर्षांत काय गेलं ते. आणि शेजाऱ्याला नक्की विचारा. गावठाणात भिंतीला भिंत लागून घर असलं की ते शेजाऱ्याला सगळ्यात जास्त उपयोगाचं असतं, त्याला पोराचं लग्न करायचंय, खोली वाढवायचीय, तो बिल्डरपेक्षा जास्त देऊ शकतो.

बिल्डर फक्त जमिनीचे पैसे धरतो, वरचं बांधकाम पाडायचंच म्हणून शून्य. पण जुन्या धाब्याच्या घरात सागवानी खांब, तुळया, कडीपाट, दारं-चौकटी असतात. आमच्याकडे जुनं लाकूड घेणारा माणूस आला, त्याने खांबाच्या खालच्या बाजूला, जिथे इतकी वर्षं शेणाने सारवून काळं झालं होतं, तिथे खिळ्याने बारीक ओरखडा काढला, आतून पिवळसर तांबूस लाकूड दिसलं, नाक जवळ नेऊन वास घेतला आणि म्हणाला साग आहे, कीड नाही. अकरा खांब मोजले, तुळया हाताच्या वितीने मोजल्या. लाखाच्या वर पैसे एकट्या लाकडाचे आले. तेव्हा घर विकताना काय आपण काढून नेणार ते विसार पावतीतच लिहा, नंतर वाद होतो.

आता नवीन घराचा खरा रेट

स्कीम महारेराला (बिल्डरांवर नजर ठेवणारं राज्याचं प्राधिकरण) नोंदलेली आहे का बघा, ५०० चौरस मीटरपेक्षा मोठा प्लॉट आणि ८ पेक्षा जास्त घरं असं दोन्ही असलं तर नोंदणी लागतेच. जाहिरातीवर क्यूआर कोड असतो, तो स्कॅन केला की पूर्ण करायची तारीख, जमिनीवर कर्ज आहे का, मंजूर नकाशा, सगळं दिसतं. बोर्डावर दिवाळीचा ताबा लिहिलेला आणि महारेरावर तारीख पुढच्याच्या पुढच्या वर्षाची असं खूप ठिकाणी असतं, महारेराचीच तारीख खरी धरा. शहराबाहेरच्या शिवारात असेल तर बिनशेती आदेश आणि मंजूर लेआउट बघितल्याशिवाय पुढे जाऊच नका.

मग त्याच स्कीममध्ये आधी घेतलेल्यांनी किती दिले ते शोधा. नोंदणी विभागाच्या वेबसाईटवर फुकट सर्च आहे, गाव आणि गट नंबर टाकला की नोंदलेले दस्त दिसतात, सूची दोनवर मोबदला लिहिलेला असतो. आमच्या बाबतीत सगळी गोष्ट इथेच उलटली. आम्हाला सांगितलेला हिशोब असा होता, रो हाऊस ४६ लाख, जुनं घर २२ लाखाला धरतो, वरचे २४ लाख. सूची दोनमध्ये तसंच, तेवढ्याच कार्पेटचं (घराच्या आतलं वापरायचं क्षेत्रफळ), दोन घरं सोडून असलेलं रो हाऊस ४३ लाखांना गेलेलं दिसलं. आणि जुन्या घराला आमच्या शेजाऱ्यांनी साडेचोवीस लाख म्हटले होते.

यात जीएसटी घाला मग अजून स्पष्ट होतं. बांधकाम चालू असलेल्या घरावर ५ टक्के जीएसटी आहे, पण सगळे चार्जेस धरून किंमत ४५ लाखांपर्यंत असेल आणि आपल्यासारख्या महानगर नसलेल्या शहरात कार्पेट ९० चौरस मीटरपर्यंत असेल तर फक्त १ टक्का. तर ४६ लाखावर २ लाख ३० हजार जीएसटी, ४३ लाखावर ४३ हजार. अदलाबदलीत आमच्या खिशातून जाणार होते २४ लाख अधिक २ लाख ३० हजार म्हणजे २६ लाख ३० हजार. वेगवेगळं केलं तर ४३ लाख ४३ हजारातून साडेचोवीस लाख वजा, म्हणजे १८ लाख ९३ हजार. सात लाख सदतीस हजारांचा फरक, आणि यात जास्त किमतीवरचं जास्तीचं मुद्रांक शुल्क धरलेलंच नाही. भोगवटा प्रमाणपत्र (राहायला परवानगी असल्याचा दाखला) मिळालेलं तयार घर घेतलं तर जीएसटी अजिबातच नाही, ते पण विचारून बघा.

म्हणून बोलणी करताना आधी नवीन घराचा रेट ठरवा, जणू तुम्ही सगळे पैसे चेकने देणार आहात असं समजून. तो कागदावर आला की मगच म्हणा की आमचं जुनं घरही आहे, घेणार का आणि कितीला. आधी जुन्या घराचा विषय काढला की नवीन घराचा रेट त्याप्रमाणे फुगतो. हे मला आधी कोणी सांगितलं असतं तर दोन महिने वाचले असते.

आणि हो, बिल्डरला देणं नेहमी चुकीचंच असं माझं म्हणणं नाही. घरात म्हातारं माणूस एकटं आहे, मुलं पुण्याला, घराला गिऱ्हाईक मिळत नाही, दाखवायला कोणी नाही, तिथे लाख-दीड लाख कमी घेऊन एकाच ठिकाणी सगळं उरकणं शहाणपणाचं असू शकतं. फक्त किती कमी घेतोय ते माहिती असू द्या.

कागद कोणत्या क्रमाने करायचे

नवीन घराचं साठेखत (पुढे खरेदी करायचा करार) नोंदवल्याशिवाय बिल्डरला किमतीच्या १० टक्क्यांपेक्षा जास्त घेता येत नाही, रेरा कायद्याचं कलम १३. तुमचं जुनं घर त्याच्या नावावर करून देणं म्हणजे किमतीचा अर्धा भाग देऊन टाकणंच झालं. त्यामुळे क्रम असा ठेवा की आधी नवीन घराचं नोंदणीकृत साठेखत, त्यात जुन्या घराची किंमत आकड्यात आणि ती कोणत्या हप्त्यांत वळती होणार ते लिहिलेलं. जुन्या घराचं सुरुवातीला फक्त साठेखत, आणि खरेदीखत नवीन घराचा भोगवटा मिळून चावी हातात आली की. बिल्डर ऐकत नसेल तर निदान तोवर त्याच घरात राहायची लेखी मुभा आणि ताबा लांबला तर काय, ते लिहून घ्या. मुळात रेराप्रमाणे ताबा लांबला तर व्याज मागता येतं किंवा व्याजासकट पैसे परत मागता येतात, पण दिलेलं घर पाडून झालं असेल तर परत काय मागणार?

सरळ अदलाबदल दस्त करता येतो का असं बरेच विचारतात. येतो, आणि त्यात दोन मिळकतींपैकी जास्त किमतीच्या मिळकतीवरच शुल्क लागतं, पण दोन्ही घरं तयार आणि नावावर असली तरच त्याला अर्थ आहे. बांधकाम चालू असलेल्या घरात अदलाबदल करायला समोर अजून घरच नसतं.

आम्ही शेवटी शेजाऱ्यांना विकलं आणि तरीही एक चूक केलीच. त्यांच्या मुलाचं लग्न होतं म्हणून आम्ही घर ठरल्या तारखेला रिकामं करून द्यायचं लिहून दिलं, आणि रो हाऊसचा ताबा सात महिने लांबला. सात महिने ९ हजार भाड्याने दोन खोल्यांत काढले, सासूबाईंचं अर्धं सामान खोक्यांतच, आणि श्रावणात कानबाई (आपल्या खानदेशात घरोघरी बसवतात ती देवी) भाड्याच्या घरात कशी बसवायची म्हणून त्या वर्षी ती चुलत दिरांकडे बसली, त्याचं सासूबाईंना फार वाईट वाटलं. घर रिकामं करायची एकच ठरलेली तारीख लिहू नका, "नवीन घराचा ताबा मिळाल्यापासून ३० दिवस, पण अमुक महिन्याच्या पुढे नाही" असं लिहा, समोरचा माणूस समजून घेतो.

रोख पैशाचं थोडक्यात, जुन्या घराच्या विक्रीत २० हजार किंवा त्यावर रोख घ्यायला बंदी आहे आणि दंड घेतलेल्या रकमेइतकाच. कोणी कितीही गळ घातली तरी घेऊ नका. वर नवीन घराला कर्ज काढणार असाल तर तुमचा हिस्सा बँकेत आलेला दिसला की बँक लवकर हलते.

टॅक्स आणि नाव कोणाचं

घर दोन वर्षांहून जास्त काळ नावावर असेल तर नफा दीर्घ मुदतीचा धरतात. वारसाने आलेल्या घराला आधीच्या मालकाचा काळ आणि त्याची खरेदी किंमत धरतात, आणि घर १ एप्रिल २००१ च्या आधीचं असेल तर त्या दिवशीची किंमत धरता येते, व्हॅल्युअर तीही काढून देतो. नफ्यावर १२.५ टक्के, किंवा २३ जुलै २०२४ आधी मिळालेल्या मिळकतीला महागाईचा हिशोब लावून २० टक्के, जे कमी पडेल ते. पण घर विकून घरच घेतलं तर सूट आहे, विक्रीच्या आधी १ वर्ष ते नंतर २ वर्षांत विकत घेतलं किंवा ३ वर्षांत बांधलं तर. १९६१ च्या कायद्यात हे कलम ५४ होतं, १ एप्रिल २०२६ पासून नवीन कायदा आलाय त्यामुळे कलमाचे नंबर सीएकडून घ्या. रिटर्नच्या तारखेपर्यंत पैसे वापरले गेले नाहीत तर बँकेत कॅपिटल गेन खातं उघडून त्यात ठेवावे लागतात, साध्या बचत खात्यात ठेवून चालत नाही.

इथे एक गाठ आहे जी कोणी सांगत नाही. बाईच्या एकटीच्या नावावर घर घेतलं तर महाराष्ट्रात मुद्रांक शुल्कात १ टक्का सवलत मिळते, म्हणून सगळे म्हणतात बायकोच्या नावावर घ्या. पण टॅक्सची सूट हवी असेल तर ज्याने जुनं घर विकलं त्याचंच नाव नवीन घराला लागतं, मुंबई हायकोर्टाने तसा निकाल दिलेला आहे. आमच्याकडे विकणारे सासूबाई आणि हे, म्हणून नवीन घर दोघांच्या नावावर घेतलं आणि १ टक्का सोडला. तुमचं घर मुळात आईच्या किंवा बायकोच्या नावावर असेल तर दोन्ही मिळतं. ५० लाख किंवा त्यावरच्या व्यवहारात घेणारा १ टक्का टीडीएस (आधीच कापून सरकारला भरायचा टॅक्स) कापतो, दोन्हीपैकी कोणताही व्यवहार त्यात बसत असेल तर विसरू नका.

ताबा घ्यायच्या आधी

शक्य असेल तर घर मे महिन्यात बघा. आमच्याकडे ऊन ४५ च्या आसपास जातं आणि नवीन घरांच्या भिंती धाब्याच्या मातीच्या भिंतींसारख्या जाड नसतात. संध्याकाळी सात वाजता जाऊन पश्चिमेच्या भिंतीला आतून तळहात लावा, हात ठेववत नसेल तर ती बेडरूम रात्रीपर्यंत तापणार. वरच्या मजल्यावर गच्चीचं वॉटरप्रूफिंग झालंय का, पांढरा कोट आहे का ते विचारा. पाण्याचं तर सांगायलाच नको, नळ किती दिवसाआड येतो, बोअरला मे अखेर पाणी असतं का, हे सेल्सवाल्याला न विचारता तिथे आधी राहायला आलेल्या बाईला विचारा. आम्हाला खरं उत्तर तिथेच मिळालं, नळ तीन दिवसाआड आणि टाकी दोन दिवसांची, मग आम्ही ताबा घेण्याआधीच मोठी टाकी लिहून घेतली.

कार्पेट टेपने मोजा, साठेखतातल्या आकड्याशी जुळवा. भेगा, गळती, दारं अडकणं जे दिसेल त्याची यादी करून तारीख टाकून ईमेलनेच पाठवा, तोंडी नको. ताबा मिळाल्यापासून ५ वर्षांत बांधकामातला दोष निघाला तर बिल्डरने ३० दिवसांत फुकट दुरुस्त करून द्यायचा असतो, पण तुमच्याकडे तारखेचा कागद पाहिजे.

आणि जुन्या घराची चावी ज्याला देणार त्याच्यासमोर महावितरणच्या मीटरच्या रीडिंगचा फोटो काढा, ताबा पावतीवर तो आकडा लिहून दोघांच्या सह्या घ्या, मीटर आणि घरपट्टी त्याच्या नावावर करायचे अर्ज त्याच दिवशी भरून त्याच्या हातात द्या. आमचं मीटर चार महिने आमच्याच नावावर राहिलं होतं.